वाफेची वाटी

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. दहा वर्षांत त्यांनी तो माझ्यासमोर तीनदाच काढलाय, आणि तिन्ही वेळा मी भिंतीला हात लावत त्या खोलीतून बाहेर आले आहे.

"थुंकीत जंतू निघालाय," त्या म्हणाल्या. "सुडोमोनास. आपण ज्याला घाबरत होतो तोच."

माझी तेरा वर्षांची मुलगी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हे नाव मी नातेवाइकांना, शाळेतल्या बाईंना, बसमध्ये तिच्या खोकल्याकडे वळून बघणाऱ्या अनोळखी माणसांना इतक्या वेळा समजावून सांगितलंय की आता ते एका दमात येतं. तिच्या शरीरात मीठ आणि पाणी यांचा ताळमेळ जन्मापासून बिघडलेला आहे, त्यामुळं छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, आणि त्या कफात जंतू घर करतात. नाही, टीबी नाही. नाही, तुमच्या मुलाला होणार नाही.

त्या दिवशी फुप्फुसांचा जोर मोजायच्या फुंकरीच्या टेस्टमध्ये आकडा त्रेसष्ट आला होता. तीन महिन्यांपूर्वी तो एक्याऐंशी होता. तिच्या वयाच्या निरोगी मुलीला शंभर धरायचं, असा तो आकडा असतो.

"पहिल्यांदाच दिसलाय, म्हणजे अजून हाकलता येतो," डॉक्टर बाई म्हणाल्या. "अठ्ठावीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, अँटिबायोटिकची वाफ. एकही वेळ चुकवायची नाही. त्यानंतर परत तपासू. गेला तर गेला."

"आणि राहिला तर?" हे मी विचारलं नाही. मुलीनं विचारलं.

डॉक्टर बाई तिच्याशी खोटं बोलत नाहीत. "राहिला तर तो मुक्काम ठोकतो, बाळा. मग त्याला दाबून ठेवता येतं, बाहेर काढता येत नाही. आणि तो हळूहळू फुप्फुस खराब करत राहतो."

मी विचारलं, आला कुठून? त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. ओल्या जागी राहतो. बेसिनमध्ये, साठवलेल्या पाण्यात, वाफेच्या मशीनची वाटी नीट वाळली नाही तर तिच्यातही. मुलीचा हलणारा पाय तेव्हा थांबला. हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती, कारण मला फक्त आमच्या ओट्यावरचा निळ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा दिसत होता. त्या डब्यात मी कित्येक महिने तिची वाटी ओलीच टाकून झाकण दाबून लावत होते.

वाटी म्हणजे मशीनच्या नळीला जोडायचा बोटभर उंचीचा प्लास्टिकचा कप. त्यात औषध घालायचं, मशीन सुरू करायचं, आणि औषधाचं धुकं तोंडातून आत ओढायचं. आम्ही त्याला वाफ म्हणतो, सगळेच म्हणतात, पण ते गरम नसतं. रोज आधी खाऱ्या पाण्याची वाफ. त्यानं कफ सैल होतो. मग पाऊण तास पाठीवर थापट्या, जोरात श्वास सोडणं, खोकणं, थुंकणं. ती तीन वर्षांची असल्यापासून हे सकाळ-संध्याकाळ चालू आहे. दिवाळीत, लग्नघरी, तिच्या वाढदिवसाला. वाटी प्रत्येक वेळी साबणानं धुवायची, दिवसातून एकदा दहा मिनिटं उकळायची आणि स्वच्छ कपड्यावर उघडी वाळवायची, हा कागद डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी दिला होता. तो आमच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. त्याची अक्षरं उडून गेलीत. मला तो पाठ होता, म्हणून मी तो वाचणं सोडून दिलं होतं.

पाठ असलेली गोष्ट माणूस कशी विसरतो, तर अशी. पहिली दोन-तीन वर्षं मी रोज उकळलं. मग एक दिवसाआड. मग रविवारी. पोरगी ठीक होती, आकडा ऐंशीच्या वर होता, आणि मला वाटायला लागलं की मी जिंकले. मला माझ्या कारभाराचा फार तोरा होता, तो या लिहिण्यात लपवायचा नाही असं मी ठरवलं आहे.

आणि पाणी. सिडकोतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, कधी दहा, उन्हाळ्यात विचारूच नका. पैठणला धरण भरलेलं असो की आटलेलं, आमचं वेळापत्रक तेच. पाण्याच्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी डॉक्टरची वेळ घेत नाही. करमाडच्या शाळेत मी विज्ञान शिकवते; मुख्याध्यापकांना मी सरळ सांगते की आज नळ आहे, मी तीनला निघते, आणि तेही मान हलवतात, कारण त्यांच्याही घरी नळच असतो. आमच्याकडं मागच्या अंगणात पाणी साठवायची तीन टिपाडं होती, वर टाकी आहे, स्वयंपाकघरात फिल्टर आहे. पाण्याला आमच्या घरात उतरंड होती. फिल्टरचं फक्त पिण्याला. टाकीचं आंघोळीला. टिपाडातलं भांड्यांना. भांड्यांचं उरलेलं फरशीला, फरशीचं कुंड्यांना. शेजारणी नळाच्या दिवशी टिपाडातलं शिळं पाणी ओतून देऊन ताजं भरायच्या. मी ओतत नव्हते. मी त्याच्यावरच भरायचे. "बाईंच्या घरी पाणी कधी संपतच नाही," असं गल्लीत म्हणायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

वाटी हे भांडं होतं. म्हणून तिला टिपाडातलं पाणी.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी पर्सही न काढता मागं गेले आणि कोपऱ्यातल्या टिपाडात हात घातला. आतल्या भिंतीला बुळबुळीत थर होता. मी आठवीला सूक्ष्मजीवांचा धडा शिकवते. ओलसर जागी ते कसे वाढतात हे मी फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवते. डबक्यातलं पाणी काचपट्टीवर घेऊन पोरांना सूक्ष्मदर्शकातून दाखवते आणि वर विचारते, काय, प्याल का हे? मी ते टिपाड तिथंच आडवं केलं.

नवरा शेंद्र्याच्या कंपनीत शिफ्टला होता. तो आला तेव्हा मी तिन्ही टिपाडं आडवी करून घासत होते आणि गल्लीभर पाणी वाहत होतं. नळाला अजून पाच दिवस होते.

"अगं, येडी झालीस का? पाच दिवस काय प्यायचं?"

"इख प्या," मी म्हणाले.

त्यानं रिपोर्ट वाचला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दुसरा ब्रश घेतला. मी त्याला डब्याबद्दल सांगितलं नाही.

अँटिबायोटिकच्या बारीक कुप्या फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवल्या. छप्पन्न. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर अठ्ठावीस चौकोनांत पेन्सिलीनं दोन-दोन ठिपके काढले आणि प्रत्येक वाफेनंतर एक ठिपका खोडायला लागले. वाट्या आता चार होत्या. एक वापरात, एक पातेल्यात, दोन पांढऱ्या पंचावर वाळत. पाणी विकतच्या जारचं, तेही उकळून. मी ओट्याला कुणाला हात लावू देत नव्हते. नवऱ्यानं एकदा पंचावर चहाची गाळणी ठेवली तर मी ती खिडकीतून बाहेर फेकली. तो बाहेर गेला, गाळणी घेऊन आला आणि बेसिनमध्ये ठेवली.

सकाळी साडेपाचला खारं पाणी, मग थापट्या, मग खोकला, मग अँटिबायोटिक. त्याचा वास विचित्र, जुन्या दवाखान्याच्या कपाटासारखा. चौथ्या दिवसापासून तिचा आवाज बसला. डॉक्टर बाई फोनवर म्हणाल्या, या औषधानं बसतो, घाबरू नका. पण ती शाळेत परिपाठाला बातम्या वाचणारी मुलगी. तिचा आवाज ही एकच गोष्ट होती जिच्यात ती वर्गात सगळ्यांच्या पुढं होती. खेळात नाही, वजनात नाही, उंचीत नाही. त्या महिन्यात बातम्या दुसऱ्या मुलीनं वाचल्या.

मी दर वाफेनंतर तिच्या पाठीला कान लावायचे. आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं, नुसती खरखर ऐकू यायची, पण कान काढवत नव्हता. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही, लाज वाटते. विज्ञानाची बाई असून मी नाक्यावरच्या शनीला तेल घातलं. शाळेत मुलांवर खेकसले. एका पोरानं पाण्याची बाटली झाकण न लावता बाकाखाली ठेवली म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं केलं, आणि तो बिचारा बाहेरून विचारत राहिला, बाई, पण माझं चुकलं काय?

वैजापूरहून सासूबाई आल्या. त्यांनी चार दिवस माझं उकळणं पाहिलं आणि पाचव्या दिवशी पातेल्यात डोकावल्या.

"ह्या टोपनाला किती शिजवतीस गं? ते काय तुरीची डाळ हाय व्हय?"

"जंतू मरतात, आत्याबाई."

"मरतेत तर एकदाच मरतेन ना. तू रोज कुणाला मारतीस?"

मी चिमट्यानं वाटी उलटवली. त्या जवळ आल्या, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तू जेवलीस का आज? लई वाळलीस. पोरीच्या आधी तूच मरशील, मग तिला कोण बघंल?" मी तोंड फिरवलं, कारण त्या प्रेमानं बोलल्या की मला माझा डबा आठवायचा. त्यांना कळलं तर त्या माझ्याशी अशा बोलतील का, हा विचार यायचा. कोणी माझ्याशी चांगलं वागलं की मला चोरीचा माल घेतल्यासारखं व्हायचं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी तिनं रिकामी वाटी टेबलावर आपटली.

"नाही घेणार. छाती आवळते. घसा जळतो. नाही घेणार."

"घ्यावी लागेल."

"का? कशाला? राहायचा तर तो राहणारच ना!"

तिचा बसलेला आवाज फाटून आला आणि त्यावर खोकल्याची उबळ आली, अशी की ती वाकून खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मी पाठीवर हात ठेवायला गेले. तिनं तो झटकला. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. वीस दिवस दाताखाली धरलेलं सगळं एकदम सांडलं.

"माझ्यामुळं झालंय हे," मी म्हणाले. "मी रोज उकळत नव्हते. वाटी ओलीच डब्यात ठेवत होते. टिपाडातल्या पाण्यानं धुवत होते. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी मी केलं. तुला मला काय बोलायचं ते बोल, पण ही वाफ घे."

ती खोकता खोकता थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडावं असं मला वाटत होतं, खरंच.

"तू नाही," ती म्हणाली. "या वर्षी मीच धुवत होते ना वाटी. तूच म्हणालीस, मोठी झालीस, आता स्वतःची स्वतः धू."

हे खरं होतं. मी ते विसरले होते. डब्यात वाटी टाकणारे हात मी इतके दिवस माझेच समजत होते.

"मी आधी फिल्टरच्याच पाण्यानं धुवायचे," ती पुढं म्हणाली. "दोनदा. आणि उकळायचे पण, रोज. कागदावर लिहिलंय तसं. मग पैठणचे काका-काकू आले होते ना उन्हाळ्यात, त्या दिवशी..."

तिला पुढचं सांगायचं नव्हतं. पण मला आता आठवायला लागलं होतं. नळ येऊन गेल्याला अकरावा दिवस होता. घरात सहा पाहुणे, कपडे खरेदीला आलेले. मी ग्लास घेऊन फिल्टरकडं गेले तर तो रिकामा. ती ओट्यापाशी उभी, पातेल्यात तिची वाटी उकळत होती, आणि बेसिनमध्ये नुकतंच ओतलेलं पाणी. पाहुण्यांसमोर माझी फजिती झाली होती, बाईंच्या घरी पाणी संपलं होतं. मी सगळ्यांच्या देखत ओरडले. काय ओरडले ते मला शब्दनशब्द आठवलं.

"तुझ्या एका वाटीसाठी अख्ख्या घरानं तहानलेलं राहायचं का?"

त्यावर कुणीतरी हसलं होतं. तिनं गॅस बंद केला होता आणि आतल्या खोलीत गेली होती. मी शेजारून कळशी आणली होती आणि लिंबाचं सरबत केलं होतं. सरबताची काकूंनी तारीफ केली होती.

"त्यानंतर मी टिपाडातलंच घ्यायला लागले," ती म्हणाली. "आणि रोज उकळायची बंद केली. तू रविवारी उकळायचीस तेवढंच. मला वाटलं, चालत असेल. तुला माहीतच असेल." मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "सॉरी, आई."

सॉरी. माझ्या पोरीनं मला सॉरी म्हटलं.

मी जमिनीवर बसले. मला रडूही आलं नाही. तिला जवळ घ्यायलासुद्धा मी हात उचलू शकले नाही. तिनंच आपटलेली वाटी उचलली, झाकण तपासलं, फ्रीजमधून नवी कुपी काढली, तोडली, ओतली आणि मशीनचं बटण दाबलं. वीस मिनिटं त्या मशीनची घरघर चालू होती. ती माझ्याकडं बघत धुकं आत ओढत होती आणि मी तिच्या छातीकडं बघत होते. संपल्यावर तिनं स्वतः दिनदर्शिकेवरचा ठिपका खोडला.

त्यानंतरचे आठ दिवस आम्ही भांडलो नाही. तिनं एकही वाफ चुकवली नाही. मी एकदा डॉक्टर बाईंना एकटीनं जाऊन भेटले आणि सगळं सांगितलं, पाहुणे, फिल्टर, सगळं. त्या म्हणाल्या, "कुठून आला ते सांगता येत नाही हो. शॉवरमधून येतो, दवाखान्यातून येतो, काही मुलांत सगळं नीट करूनही येतो." हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळत होतं. कदाचित ते खरंही असेल. मी त्याला धरून उभी राहायचा बराच प्रयत्न केला, पण रोज सकाळी टिपाड दिसायचं.

अठ्ठावीस दिवस झाले. थुंकी दिली. नंतर फुंकरीची टेस्ट. तिनं सगळा जोर लावला, मान लाल झाली, शिरा तटतटल्या, आणि आकडा आला एकाहत्तर. आठने वर. वाफेनं काम केलं होतं. नवऱ्यानं माझा दंड इतका घट्ट दाबला की वळ उठला. बाहेर आल्यावर त्यानं तिघांना उसाचा रस पाजला, बिनबर्फाचा. ती म्हणाली, माझा आवाज परत आला की बातम्या मीच वाचणार. ते चार दिवस आमच्या घरात कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, नवरा होता की ती, मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टर बाईंनी चष्मा काढला.

तो गेला नव्हता. अजून एकदा प्रयत्न करू, त्या म्हणाल्या, पुन्हा अठ्ठावीस दिवस. तो प्रयत्नही झाला. तेव्हाही तो तिथंच होता. आता एक महिना औषधाची वाफ आणि एक महिना सुट्टी, असं चालतं. किती वर्षं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, चालेल तितकी. आकडा एकाहत्तरच्या आसपास असतो, कधी अडुसष्ट, कधी बहात्तर. मी प्रत्येक टेस्टच्या वेळी तिच्याबरोबर श्वास रोखते आणि मग मलाच खोकला येतो.

टिपाडं मी विकली. नवरा म्हणाला, टाकीवर भागवू. वाटीला उकळलेलं पाणीच लागतं, ते आम्ही चुकवत नाही, पण साबणाची पहिली धुलाई नळ असेल त्या दिवशी वाहत्या पाण्याखाली करावी असा माझा हट्ट आहे. त्याला शास्त्रीय कारण फारसं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी चारला नळ आला. गल्लीत मोटारी सुरू झाल्या, बायका बाहेर आल्या, पायऱ्यांवर पाइप पसरले. ती वाफ संपवून वाटी घेऊन अंगणात आली. नळाखाली धरली, साबण लावला, नळ सोडला. पाणी जोरात होतं. फेस गेला, वाटी चकचकीत झाली, तरी मी म्हणाले, "धू अजून."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नळ बंद केला.

"वाहू दे गं," मी म्हणाले, आणि पुढं होऊन तो परत सोडला, पूर्ण. "लागेल तेवढं घे. मी काही म्हणणार नाही."

ती थोडा वेळ वाहत्या पाण्याखाली वाटी धरून उभी राहिली. धुवत नव्हती, नुसती धरून होती, माझ्यासाठी. मग माझा हात हळूच बाजूला करून तिनं नळ फिरवला.

"पुरे, आई," ती म्हणाली. तिचा आवाज अजून थोडा बसलेलाच आहे. "तुम्हाला प्यायला नको का?"